बाल्टिमोरहून सुधीरला

प्रिय सुधीर,

तुझं सविस्तर पत्र मिळालं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक मानसोपचार अर्ध्यावर का सोडतात, ते अडाणीपणामुळे का, असं तू विचारलंयस. अडाणीपणाचा काही संबंध नाही रे. त्यांना भीती वाटते, आणि ती वाटायला सबळ कारण आहे.

बाल्टिमोरपासून फार लांब नाही, क्राउन्सव्हिल म्हणून गाव आहे. १९११ साली मेरीलँड सरकारने तिथे कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी वेगळं इस्पितळ काढलं आणि ते रुग्णांकडूनच बांधून घेतलं. पुढे पन्नासच्या दशकात तिथे अडीच हजारांवर माणसं कोंबलेली होती. तिथल्या कित्येक कबरींवर नाव नाही, नुसता आकडा आहे. बंद कधी झालं? २००४ मध्ये! आमच्या पुनर्वसन केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लहानपणी 'गप बस, नाहीतर क्राउन्सव्हिलला नेतील' अशी भीती घातलेली आहे.

असेच एक आजोबा बहिणीबरोबर आले. संमतीचा फॉर्म पुढे केला, तर सही करण्याआधी प्रत्येक पान बोट फिरवत वाचलं. 'हे कागद कोणाकोणाकडे जाणार?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा. आधीच्या एका ठिकाणच्या फाइलमध्ये याच वागण्याला 'संशयी वृत्ती' म्हटलं होतं. मला ते वाचून संताप आला. अनुभवाने सावध झालेल्या माणसाचा सावधपणाच त्याच्या आजारात धरायचा!

ही खोड जुनी आहे. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, गुलाम मालकाकडून पळून जातात हा एक मानसिक रोगच आहे, असं छापून टाकलं. रोगाला 'ड्रेपटोमेनिया' असं भारदस्त नावही दिलं. आणि आजही, गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर आजाराचा, शिक्का जास्त सहज बसतो, त्यांचं डिप्रेशन नजरेतून सुटतं, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. चुकीचं निदान म्हणजे चुकीची औषधं, वाया गेलेली वर्षं. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने, म्हणजे इथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, या सगळ्या इतिहासाबद्दल माफी मागितली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये.

पण मला तुला मुख्यतः सांगायचंय ते न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या लाफार्ग क्लिनिकबद्दल. १९४६ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने, लेखक रिचर्ड राइट यांच्या मदतीने, सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात ते सुरू केलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, म्हणजे कामावरून सुटल्यावर येता यावं. फी पंचवीस सेंट, नसतील तर तेही नाही. डॉक्टर बिनपगारी, काळे-गोरे एकत्र. तिथे रुग्णाला नोकरी, घरभाडं, पोलीस, मुलांची शाळा, सगळं विचारत. डेलावेअरमधल्या वर्णभेदी शाळांच्या खटल्यात क्लिनिकच्या डॉक्टरांनी मुलांना तपासून कोर्टात सांगितलं की वेगळं ठेवण्याने मुलांच्या मनाला इजा होते. तोच खटला पुढे १९५४च्या ब्राउन निकालात, म्हणजे सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात, सामील झाला. उपचार करणारी माणसं रुग्णाच्या बाजूने कोर्टात उभी राहिली, हे मला फार मोठं वाटतं. १९५८ मध्ये क्लिनिक बंद पडलं.

आता चर्च आणि न्हाव्याची दुकानं पुन्हा यात उतरली आहेत. ग्राहकाचं बोलणं कसं ऐकायचं, कधी समुपदेशकाकडे पाठवायचं, याचं प्रशिक्षण काही ठिकाणी न्हाव्यांना देतात. खुर्चीत बसल्यावर माणूस तिथे बोलतोच. आणि केंद्रांमध्ये 'पीअर स्पेशालिस्ट' असतात. स्वतः या आजारातून गेलेले, पगारी.

त्या आजोबांना सावरलं ते अशाच एका बाईंनी. त्यांनी फॉर्मबद्दल अवाक्षर काढलं नाही. आधी स्वतःच्या औषधाची बाटली टेबलावर ठेवली, त्याने वजन किती वाढलं ते सांगितलं, मग म्हणाल्या, 'प्रश्न लिहून आणा, डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारू.' आजोबांनी चार प्रश्न लिहून आणले. कानात भासाचे आवाज अजून येतात त्यांना, पण आता बसने एकटे येतात, स्वयंपाकगटात कोबी चिरतात, आणि गोळीने हात थरथरला की स्वतः सांगतात. गोळी बदललीही.

तुझ्या वॉर्डातून बरे होऊन गेलेल्यांपैकी एखाद्याला तू असा कामावर घेऊ शकशील का? स्वयंसेवक म्हणून नको, पगारावर. प्रस्ताव लिहायला घेतलास तर मसुदा मला पाठव, इथली कामाची पद्धत मी त्यात घालून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश