जुना कॅमेरा घेताना आकड्याआधी ओल तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न झाले की गोव्यात लग्नांचे मुहूर्त आणि गावोगावच्या जत्रा सुरू होतात. त्याच्या महिनाभर आधी जुने प्रोफेशनल कॅमेरे विकायला निघतात आणि धंद्यात नव्याने उतरणारी मुले ते घ्यायला धावतात. जाहिरातीत ठळक आकडा एकच असतो, शटर (प्रत्येक फोटोला उघडझाप करणारे आतले पडदे) किती चालले. घेणाराही तेवढेच विचारतो आणि पैसे मोजतो. चार महिने हवा ओलीचिंब असणाऱ्या आपल्या किनारपट्टीवर पहिला प्रश्न दुसराच हवा: या कॅमेऱ्याने मागचे पावसाळे कुठे काढले?

शटरच्या आकड्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. कंपनी सांगते ती संख्या चाचणीतली असते. निकॉन डी३ला (२००७) ३ लाख क्लिक, डी७०० (२००८) आणि कॅनन ५डी मार्क टू (२००८) यांना दीड लाख, तर २०१२ साली बाजारात आलेल्या डी४ आणि कॅनन १डी एक्सला ४ लाख. एका लग्नाला दोन हजार क्लिक आणि वर्षाला चाळीस लग्ने धरली तर ८० हजार होतात, म्हणजे डी७०० दोनच वर्षांत आपली मर्यादा गाठतो. त्यापुढेही तो चालू शकतो आणि त्याआधीही बंद पडू शकतो. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या एक्झिफ माहितीत सापडतो. मात्र फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला तर ती माहिती गळून जाते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. ५डी मार्क टूमध्ये आकडा फोटोत नसतो. कॅमेरा यूएसबीने संगणकाला जोडून खास सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. १डी एक्समध्ये तो मेनूतच दिसतो.

मात्र कमी चाललेला कॅमेरा म्हणजे चांगला कॅमेरा, हे आपल्याकडे खरे ठरत नाही. पंधरा वर्षांत जेमतेम बारा हजार क्लिक झालेला कॅमेरा बहुधा पंधरा पावसाळे कपाटात, चामड्याच्या पिशवीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी पडून असतो. रोज वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याला हवा आणि उजेड मिळतो. पडून राहिलेल्याला बुरशी धरते, आतले वंगण घट्ट होते, बॅटरी मरते. दीड लाख चाललेला पण कोरड्या कपाटात नांदलेला कॅमेरा त्याच्यापेक्षा नक्की बरा. शटर हा बदलता येणारा भाग आहे. व्ह्यूफाइंडरवरच्या काचेत, म्हणजे प्रिझमच्या आत शिरलेली बुरशी काढायला वरचा सगळा भाग उघडावा लागतो आणि जुन्या बॉडीसाठी (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यासाठी) तो खर्च परवडत नाही.

म्हणून बघायला जाताना खिशात छोटी एलईडी टॉर्च असावी. लेन्स काढून माउंट (लेन्स बसते ते तोंड) खाली झुकवून धरा, म्हणजे धूळ आत पडणार नाही, आणि टॉर्च तिरकी मारा. समोरून मारलेल्या उजेडात बुरशी दिसत नाही. तिरक्या उजेडात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी, फाटे फुटलेली दिसते. मग व्ह्यूफाइंडरमधून पांढऱ्या भिंतीकडे बघा. डाग फोकसिंग स्क्रीनवर असेल तर स्क्रीन बदलता येते. प्रिझममध्ये असेल तर तो कॅमेरा सोडून द्या. त्यानंतर, बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच, मेनूतून स्वच्छतेसाठी आतला आरसा वर उचलायला लावून सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) काचेवर तसाच तिरका उजेड टाका.

एवढ्याने भागत नाही, फोटोही काढून बघावा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवून ढगाळ आकाशाचा एक फोटो काढा आणि संगणकावर शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. धुळीचा ठिपका गोल, करडा, कडेला विरलेला असतो आणि ब्लोअरने जातो. तेलाच्या थेंबाला बहुधा भोवती फिकट कडे दिसते. तो ओल्या स्वॅबने निघतो. तंतू किंवा फांद्यांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. ती वरून पुसली गेली तरी काचेवरचा लेप तिने खाल्लेला असू शकतो. विक्रेता तोंडाने फुंकर मारून ‘धूळच आहे’ म्हणाला तर त्याला थांबवा, फुंकरीसोबत थुंकीचे कण आत जातात.

बुरशीनंतर मीठ. कळंगुट, कोलवा, बाणावलीच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंगसाठी वापरलेली बॉडी बाहेरून पुसून चकचकीत केलेली असते. तिची खूण आतल्या कोपऱ्यांत राहते. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो तसा हिरवट थर बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर, फ्लॅश बसतो त्या हॉट शूवर आणि ट्रायपॉडच्या आट्यांत आहे का ते पाहा. प्रत्येक डायल दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवा. वाळू असेल तर करकर लागते. तळाच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर कॅमेरा उघडला गेला आहे. तो का उघडला आणि कोणी, ते पावतीसकट विचारा. पकडीचे रबर फुगून सुटलेले असणे मात्र फारसे गंभीर नाही. ते नव्याने बसवता येते.

शटरची खरी परीक्षा दिवसाच्या उजेडातच करावी, ट्यूबलाइटखाली कधीच नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि वेगवान शटरला फोटोत जो पट्टा येतो तो शटरचा की ट्यूबचा हे कळत नाही. सावलीतली एकरंगी भिंत घ्या. मॅन्युअल मोडवर १/३० पासून १/८००० पर्यंत वेग वाढवत जा आणि तितकाच आयएसओ वाढवा किंवा अॅपर्चर उघडा. सगळे फोटो सारख्याच उजेडाचे आले पाहिजेत. १/४००० किंवा १/८०००ला वरची किंवा खालची कड काळवंडली, तर शटरचे दोन पडदे एकमेकांच्या चालीने चालत नाहीत. असा कॅमेरा आजचे लग्न पार पाडील, उद्याचे सांगता येत नाही.

ऑटोफोकससाठी आजच्या वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटवा. ५० मिमीची लेन्स पूर्ण उघडी ठेवून, दोन मीटरवरून, मधल्या बिंदूने दहा फोटो काढा. प्रत्येक फोटोआधी फोकस हाताने बिघडवा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून एक फोटो काढा आणि त्याच्याशी दहाही ताडून बघा. सगळे सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे गेले असतील तर मेनूतल्या फाइन ट्यूनने ते सुधारते. एक पुढे, एक मागे, एक बरोबर असा गोंधळ असेल तर आरसा किंवा फोकसचा भाग हललेला आहे. कॅमेरा पडलेला असण्याची शक्यता मोठी. शेवटी झाकण लावून ३० सेकंदांचा एक काळा फोटो काढा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवून. चार-दोन रंगीत ठिपके चालतील. पूर्ण उभी किंवा आडवी रेघ चालणार नाही.

काही मॉडेलांचे दोष जन्मजात आहेत. कॅनन ५डीच्या (२००५) काही नगांत आरसा गोंदातून सुटून पडतो. कंपनीने तो मोफत पक्का करून दिला होता, तसे करून घेतले आहे का ते विचारा. १डी मार्क थ्रीच्या (२००७) सुरुवातीच्या नगांत उप-आरशामुळे फोकस चुकत असे. निकॉन डी६००च्या (२०१२) सेन्सरवर ठिपके साठत आणि कंपनीला शटर बदलून द्यावे लागले. लायका एम९च्या (२००९) सेन्सरवरची काच दमटपणाने झिजते. सेन्सर बदलल्याचा कागद नसेल तर गोव्यात तो घेऊ नये.

बॅटरीकडे लोक सर्वांत कमी बघतात आणि तिथेच कॅमेरा अडतो. निकॉनच्या या बॉडींत बॅटरी इन्फोमध्ये तिचे वय ० ते ४ असे दिसते. ४ आले की ती टाकायची. कॅनन ५डी मार्क टूमध्ये तीन हिरव्या पट्ट्या असाव्यात. त्याची एलपी-ई६ बॅटरी त्याच कुळात अजून सुरू आहे, ही मोठी जमेची बाजू. डी३ची एन-ईएल४ए मात्र कंपनीची नवी मिळणे कठीण, आणि नक्कल चार महिन्यांत मान टाकते. चार्जर सोबत हवाच. हे कॅमेरे मोबाइलसारखे केबलने चार्ज होत नाहीत. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून सीएफच्या (कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या) ५० पिना मोजल्यासारख्या बघा. एक जरी वाकलेली असेल तर निकॉन ‘सीएचए’ ही कार्डाच्या बिघाडाची खूण दाखवतो आणि भर मुहूर्तावर बंद पडतो. डी४चे दुसरे कार्ड एक्सक्यूडी आहे, ते आता सहज मिळत नाही. खरेदीआधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून ‘या मॉडेलचे शटर युनिट आज मिळेल का’ एवढे विचारावे. उत्तर नाही असेल, तर कॅमेरा मोडल्यावर तो गेला, हे धरूनच किंमत ठरवावी.

आणि कशासाठी घ्यायचा हे आधी ठरवावे. आपल्याकडच्या १२ बाय ३६ इंची अल्बमच्या दोन पानांवर एकच फोटो पसरला, तर डी३ किंवा डी७००च्या ४२५६ पिक्सेलांतून इंचाला सुमारे ११८ ठिपके मिळतात, ५डी मार्क टूमधून १५६, निकॉन डी८००मधून २०४. एका पानाला १२ मेगापिक्सेल पुरतात, दोन पानांना ओढूनताणून. डी३ आणि डी७००मध्ये व्हिडिओ नाहीच. ज्याला लग्नात दोन्ही कामे एका बॉडीवर करायची आहेत त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पेडणे-सत्तरीतल्या जत्रेतले रात्रीचे दशावतारी नाटक किंवा पहाटेचे चोडणचे पक्षी, यांसाठी मात्र डी३ आजही उत्तम. आयएसओ ३२००ला तो स्वच्छ चालतो, सेकंदाला नऊ फ्रेम देतो, आणि बॉडीत मोटर असल्याने स्वस्तातल्या जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सही ऑटोफोकस करतात. ५डी मार्क टू त्याच अंधारात फोटोतल्या सावल्या नंतर उजळल्या की पट्टे दाखवतो. डी३चे वजन सव्वा किलो, तेही बॅटरी सोडून. बारा तासांच्या लग्नात ते मानेला कळते.

घरी आणल्यावर तो डांबरगोळ्यांच्या किंवा तांदळाच्या डब्यात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा दहा लिटरचा डबा, दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ६० ओलांडला की जेल गरम करून पुन्हा वापरा. एसी खोलीतून बाहेर नेताना कॅमेरा पिशवीतच बंद ठेवा, अर्ध्या तासाने काढा, नाहीतर आतल्या काचांवर दव धरते.

आता विक्रेत्यांना आणि दुकानदारांना विनंती. वर सांगितलेल्या तपासणीला एक तास लागतो. तो गिऱ्हाइकाला दुकानात द्यावा, कॅमेरा हातात दिल्यावर घाई करू नये. पावतीवर बॉडीचा क्रमांक, त्या दिवशीचा शटरचा आकडा, बॅटऱ्यांची संख्या व वय आणि आधी झालेली दुरुस्ती लिहून द्यावी. खासगी विक्रेत्याकडूनही मूळ बिलाची प्रत आणि ओळखपत्राची प्रत मागण्यात संकोच नको. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत जुना कॅमेरा विकणाऱ्याकडून शटरच्या आकड्याशेजारी ‘पावसाळ्यात कोरड्या कपाटात ठेवलेला: होय/नाही’ एवढी एक ओळ घ्यावी, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक,
फोंडा