‘शांत’ घोरपडीविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला परदेशी प्राणी पाळण्यावरचा लेख वाचला. लिहिणाऱ्याला प्राण्यांविषयी आपुलकी आहे हे ओळीओळीतून कळतं, त्यामुळे तक्रार करायला पेन उचलताना जरा संकोच वाटतोय. पण सोबतच्या फोटोपाशी मी अडले. सोफ्यावर एक मुलगा आडवा पडलाय, छातीवर सवाना मॉनिटर जातीची घोरपड, डोळे मिटलेले, चारही पाय सैल सोडलेले. खाली ओळ : ‘स्वभावाने शांत, नवशिक्यांसाठी योग्य.’

असाच एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात सोफ्यावर मी आहे. तो काढला त्यानंतर सात-आठ महिन्यांनी माझ्या घोरपडीच्या मागच्या पायाची बोटं सुजली, आणि ती ‘शांत’ का होती हे मला डॉक्टरांकडून कळलं.

ती मुळात माझी नव्हती. पुतण्याने हौसेने आणली तेव्हा वीतभर होती. वर्षभरात तो शिकायला बाहेर पडला आणि अडीच फुटी घोरपड, चार फुटी काचेची पेटी आणि एक दिवा असा संसार माझ्या गळ्यात आला. ‘काकू, काही त्रास नाही तिचा, आठवड्याला दोन उंदीर टाकायचे,’ एवढीच सूचना. खरंच काही त्रास नव्हता. हातात घेतली तर पडून राहायची. पाहुण्यांना मी कौतुकाने सांगायची, बघा, कुत्र्यासारखी माणसाळली आहे. पोट जमिनीला टेकायचं, शेपटीचं बूड लठ्ठ झालेलं, चार पावलं चालली की बसायची. मला वाटे, खाऊनपिऊन सुखी आहे.

सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर मिळायलाच तीन आठवडे गेले. (कुत्री-मांजरं बघणारे चौघेजण प्रामाणिकपणे ‘आम्हाला यातलं कळत नाही’ म्हणाले, त्यांचे आभारच मानते.) शेवटी मिळालेल्या डॉक्टरांनी सुजलेली बोटं पाहिली, पोट चाचपलं, रक्त घेतलं आणि मग मला जो प्रश्न विचारला तो मी अजून विसरले नाही. ‘ती ऊन शेकायला बसते तिथल्या दगडाचं तापमान किती?’ मी अभिमानाने म्हणाले, बत्तीस अंश, नेमाने बघते. ते म्हणाले, ‘पन्नासच्या पुढे हवं.’

गाऊट होता, म्हणजे सांध्यांत क्षार साठून सूज आणणारा आजार. रक्तात युरिक अॅसिड वाढलेलं, यकृतावर चरबी. अंगात ऊब कमी, पाणी कमी आणि वर उंदरांचा मारा. अन्न नीट पचायचं नाही, मूत्रपिंडं थकलेली. हा प्राणी शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो. बाहेर ती नसेल तर त्याला पळणं, चिडणं, चावणं परवडतच नाही. बत्तीस अंशांवर माझी घोरपड माझ्या मांडीवर प्रेमाने बसत नव्हती. तिच्यात उठून जायचं बळ नव्हतं.

म्हणून फोटोखालचा तो ‘शांत’ शब्द मला टोचतो. पाळायची की नाही हे ठरवताना लोक पहिला प्रश्न विचारतात, चावते का? तो प्रश्न दुय्यम आहे. चावते, अर्थातच. आणि आपल्या भाषेत कुणी पिच्छा सोडत नसेल तर घोरपडीसारखा चिकटला म्हणतात ते उगीच नाही, तिने एकदा जबडा आवळला की सुटका सोपी नसते. शिवाय नख्या आहेत, शेपटीचा फटका आहे. पण निरोगी घोरपडीला तुमच्याशी भांडण्यात रस नसतो. तिला खणायचं असतं.

सवाना मॉनिटर आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातली. नाव ‘सवाना’, म्हणजे गवताळ माळरान, म्हणून लोक तिला कोरड्या ठणठणीत पेटीत ठेवतात. पण ती उन्हात शेकते आणि बिळात राहते, आणि बिळातली हवा दमट असते. पिल्लं तर रातकिड्यांच्या बिळांतच आसरा घेतात. तिथे त्यांचा आहार म्हणजे रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे, सहस्रपाद, विंचू, गोगलगायी. पावसाळ्यात हे भरपूर मिळतं तेव्हा अंगावर चरबी साठवायची आणि कोरड्या दिवसांत ती जाळत उपाशी पडून राहायचं, असा वर्षाचा हिशेब. आपण तिला बाराही महिने सुगी करून देतो, तीही उंदरांची, आणि उपासाचा महिना कधी येऊच देत नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही जे बांधलं त्याला पिंजरा म्हणवत नाही. आठ फूट लांब, चार फूट रुंद, आणि आत दोन फूट माती. दोन फूट कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण असं की बीळ खणलं की ते ढासळू नये, खोलवर ओल टिकावी आणि मादी असेल तर अंडी घालायला जागा मिळावी. नर नसतानाही मादीला अंडी धरू शकतात, आणि जागा पसंत पडली नाही तर ती पोटातच अडकून मादी दगावते. पिल्लू नर की मादी हे बाहेरून सहसा सांगता येत नाही, म्हणजे ही तयारी सगळ्यांनीच ठेवायची. आता गुणाकार करा : आठ गुणिले चार गुणिले दोन, चौसष्ट घनफूट ओलसर माती. वजन अडीच टनांच्या आसपास जातं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने घोरपडीच्या स्वभावाची चौकशी करण्याआधी स्लॅबची करावी. आम्ही तळमजल्यावर राहतो, म्हणून जमलं.

दिव्याचीही एक गंमत आहे. एकच बल्ब वरून सोडला तर पाठीचा बशीएवढा भाग भाजतो आणि बाकी अंग थंडच राहतं. थंड आहे म्हणून ती हलत नाही, हलत नाही म्हणून तिथेच पोळते. अंग लांब असल्यामुळे ओळीने तीन-चार दिवे लावून डोक्यापासून कमरेपर्यंत सारखी धग द्यावी लागते, आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस अंशांची सावली, म्हणजे तिला हवं तेव्हा उठून जाता येतं. अतिनील किरणांची नळी वेगळी. विजेच्या बिलाविषयी काही लिहीत नाही.

नव्या जागेत सोडल्यावर दहा-बारा दिवस ती दिसलीच नाही. मातीत तोंड खुपसून गेली ती गेलीच. मग एका सकाळी बिळाच्या तोंडाशी नाक दिसलं, दुभंगलेली जीभ दोनदा बाहेर आली. मी वाकले. तिने गळा फुगवला आणि भात्यातून वारा सुटावा तसा फूत्कार टाकला. दोन वर्षं मांडीवर झोपलेली हीच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फोनवर डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘अभिनंदन!’

पुढची चार वर्षं ती अशीच राहिली. सकाळी दिवे लागले की बाहेर यायची, शेकायची, आणि अंग तापलं की अशी काही झपाट्याने निघायची की पहिल्यांदा पाहणारा मागे सरकायचा. पालापाचोळा उकरून झुरळं, गोगलगायी शोधायची. पुढे पुढे मी आत हात घातला तरी पळायची नाही, हाताचा वास घ्यायची आणि आपल्या कामाला लागायची. तिच्याकडून मिळालेली जवळीक एवढीच, पण ती तिने स्वतःहून दिलेली होती. यकृताचं नुकसान मात्र भरून आलं नाही, आणि सांभाळ चांगला असता तर जी दहा-पंधरा वर्षं जगली असती ती सात वर्षांची होऊन गेली.

घोरपडींना डोकं असतं, हे लेखात आलेलं नाही. २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्याच काळ्या गळ्याच्या घोरपडींची आठ पिल्लं घेतली. पारदर्शक नळी, तिला बिजागरीची दारं, आत उंदीर. आठही पिल्लांनी पहिल्याच खेपेला दहा मिनिटांच्या आत दार उघडलं आणि दुसऱ्या खेपेला त्याहून लवकर. असा प्राणी काचेच्या रिकाम्या पेटीत काय करेल? काचेवर नाक घासत राहतो. नाकाच्या टोकाची कातडी सोलवटलेली घोरपड पाहिली की मला आता वेगळी चौकशी करावी लागत नाही.

लेखात ‘फार्ममध्ये जन्मलेली पिल्लं घ्या’ असा सल्ला आहे. सल्ला बरोबर, शब्द फसवा. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून निघणाऱ्या सवाना मॉनिटरच्या पिल्लांच्या बाबतीत बऱ्याचदा ‘फार्म’ म्हणजे अंड्यांवर आलेल्या रानातल्या माद्या पकडून आणायच्या, अंडी उबवायची आणि पिल्लं पाठवायची. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेली जात ती ही नव्हे. पिल्लू स्वस्त पडतं ते म्हणूनच, आणि स्वस्त पडतं म्हणूनच विचार न करता घेतलं जातं. इंडोनेशियातल्या बटांटा बेटावरच्या निळ्या झाड-घोरपडीचं तर शास्त्रीय वर्णनच २००१ साली झालं, आणि तोवर तिचे गिऱ्हाईक तयार होते. साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात जगातल्या यच्चयावत घोरपडी आहेत, पाच जाती सर्वांत कडक यादीत आणि उरलेल्या दुसऱ्या यादीत. म्हणजे सीमा ओलांडून आलेल्या प्रत्येक घोरपडीमागे परवाना हवाच. त्याशिवाय आपापल्या देशाचा कायदा असतोच. विकणारा कागद दाखवायला कां-कूं करत असेल तर तिथूनच मागे फिरावं.

मोठी झाल्यावर काय, याचं उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसतं. नाईल मॉनिटर ही आफ्रिकेतली मोठी घोरपड, सहा फुटांच्याही पुढे जाऊ शकते. तिथल्या केप कोरल शहरात १९९०च्या सुमारास त्या मोकळ्या फिरताना दिसू लागल्या, कालव्यांच्या काठाने वाढल्या, आणि जमिनीत बिळं करून राहणाऱ्या घुबडांची चिंता सुरू झाली. कुणीतरी एकेकाळी वीतभर पिल्लू आणलं असणार, आणि वाढल्यावर सोडून दिलं असणार. वॉटर मॉनिटरचं नाव तर मी काढतच नाही, तिला खोली नव्हे, हौदासकट अंगण लागतं.

लहान मुलं, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस घरात असेल तर साल्मोनेलामुळे (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरून पोटात जाऊन आजारी पाडणारे जंतू) हा विषय तिथेच मिटवावा. हात धुणं वगैरे सगळे सांगतात, पण पाच वर्षांखालचं मूल हात किती धुतं ते आपल्याला ठाऊक आहे.

‘मग कुणीच पाळू नये का?’ असं विचारणारे असतात. माझा पुतण्याही विचारतो. ज्याला राहवतच नाही त्याने ऑस्ट्रेलियातली काटेरी शेपटीची ‘अॅकी’ बघावी. पूर्ण वाढली तरी दोन-सव्वादोन फूट. ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरच्या अॅकी बहुतेक पाळीव वंशातल्याच असतात. माती, दमटपणा आणि दिव्याखालची धग मात्र तिलाही तशीच लागते, फक्त पेटी लहान चालते. आणि पेटी आधी बांधावी, दिवे लावून महिनाभर तापमान मोजत बसावं. त्या महिन्यात कंटाळा आला तर फार बरं, प्राणी अजून यायचाच असतो.

पत्रासोबत माझा तो सोफ्यावरचा फोटो पाठवत आहे. छापायचा असेल तर जरूर छापा. फक्त खाली ‘शांत’ लिहू नका. त्या दिवशी दगडाचं तापमान बत्तीस अंश होतं, तेवढं लिहा.

आपली,
एक नियमित वाचक