आकड्यांसोबत ग्रिडही पाठवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

ईमेलवर आभार मानून झालेच आहेत. तरी तुम्ही केलेली मदत त्रिमितीय विद्युतचुंबकीय मॉडेलिंग शिकणाऱ्या इतरांच्याही कामाची आहे, म्हणून हे उघड पत्र.

मी मागितलं होतं थोडंच: डीटीएम-१ या चाचणी मॉडेलवर तुमचा कोड काय उत्तर देतो, तेवढे आकडे. जमिनीवर मोजलेल्या नैसर्गिक विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांवरून खाली वीज कुठे सहज वाहते ते ओळखायचं, ही मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत; तिच्यासाठीचं २००८ च्या डब्लिन कार्यशाळेतलं हे मॉडेल दिसायला अगदी साधं आहे. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या एकसंध जमिनीत तीन ठोकळे, १०, १ आणि १०,००० ओहम-मीटरचे. गंमत अशी की त्यातला सगळ्यात चांगला वाहक आणि सगळ्यात हट्टी रोधक २० किलोमीटर खोलीवर एकमेकांना खेटून बसवलेत. आडव्या थरांची जमीन असेल तर उत्तर सूत्रातून काढता येतं. इथे तसं सूत्रच नाही. मग आपलं उत्तर पडताळायचं तर दुसऱ्या कोडचंच दार ठोठवावं लागतं.

तुम्ही आकडे पाठवलेत आणि सोबत एक टिपण जोडलंत. कालसंकेत (काळानुसारचं दोलन लिहिताना घातांकात अधिक चिन्ह की उणे) कोणता, इम्पिडन्स (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर) कोणत्या एककात, ठोकळे किती सेलमध्ये (छोट्या तुकड्यांत) तोडले, आणि तुमच्या कोडवर कुठे विश्वास ठेवू नये, हेसुद्धा! पहिल्याच ओळीने मोठी डोकेदुखी वाचली. कालसंकेतातलं चिन्ह उलटं असेल तर ४५ अंशांचा फेज (दोन्ही क्षेत्रांच्या दोलनांतलं अंतर) उणे ४५ दिसतो, आणि माणूस नसलेला बग शोधत बसतो. एककांचंही तेच. ओहम आणि क्षेत्रीय एकक यांच्यात सुमारे ७९६ चा गुणक आहे. भासमान रोधकतेत (जमीन एकसंध मानून इम्पिडन्सवरून काढलेल्या रोधकतेत) त्याचा वर्ग होतो, म्हणजे उत्तर सहा लाखांहून जास्त पटींनी इकडचं तिकडे. एवढा फरक निदान डोळ्यांत तरी भरतो. चिन्हाचा फरक जास्त लबाड.

खरी मदत मात्र पुढची. लांब आवर्तकालांना (आवर्तकाल म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ) आपले कर्व्ह एकमेकांपासून सुटायला लागले, तेव्हा ‘तुझा कोड तपास’ असं म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. माझा कोड फायनाइट डिफरन्सचा, तुमचा इंटिग्रल इक्वेशनचा, समीकरणं सोडवायच्या या दोन निराळ्या रीती, आणि दोघांची दुखणी वेगळी, हे तुम्ही समजावलंत. तुम्हाला फक्त ठोकळ्यांचे सेल करायचे असतात. मला हवेसकट सगळा प्रदेश ग्रिडमध्ये (सेलच्या जाळ्यात) घ्यावा लागतो. १०० ओहम-मीटरच्या जमिनीत ०.१ सेकंदाला स्किन डेप्थ (क्षेत्रं साधारण जिथवर शिरतात ती खोली) जेमतेम १.६ किलोमीटर, तर १०,००० सेकंदांना ती ५०० किलोमीटरच्या वर. दोन्ही टोकं एकाच ग्रिडने सांभाळायची! तुमच्या सांगण्यावरून ग्रिडची सीमा आणखी दूर नेली आणि बराचसा फरक मिटला.

उरलेल्या फरकासाठी तुम्ही सुचवलेली युक्ती मी आता सगळ्यांना सांगत असतो. सॉल्व्हरचा (समीकरणं सोडवणाऱ्या भागाचा) रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली चूक, ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आपण हुश्श म्हणतो. तुम्ही म्हणालात, मर्यादा आणखी शंभरपट कडक कर आणि कर्व्ह हलतो का बघ. हलला! आवर्तकाल वाढला की समीकरणातलं चालकतेचं पद फार क्षीण होतं, हवेत तर जवळपास नाहीसंच. मग प्रवाहाचं डायव्हर्जन्स शून्य राहिलंय की नाही, म्हणजे जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच बाहेर जातो की नाही, याकडे सॉल्व्हरचं लक्षच राहत नाही. रेसिड्युअल छान दिसतो आणि खोटे विद्युतभार ग्रिडमध्ये तसेच पडून राहतात. डायव्हर्जन्स करेक्शन (हे खोटे भार काढून टाकणारी दुरुस्ती) जास्त वेळा लावल्यावर कर्व्ह जागेवर आले. त्या वाहक-रोधक जोडीच्या वरच्या स्टेशनांवर (मोजणीच्या जागांवर) थोडं अंतर अजून आहे. तिथे दहा हजारपट तफावत आहे, आणि तुमच्याच टिपणाप्रमाणे त्या जागी तुमच्या सेलवरही फार भिस्त ठेवायची नाही. त्यामुळे तिथे कुणाचं खरं, हे मी ठरवलेलं नाही.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून जुळत नाही. इम्पिडन्स हा चार घटकांचा चौकोनी तक्ता; त्याचे कर्णावरचे घटक कर्णाबाहेरच्या मुख्य घटकांच्या एक टक्क्याहून लहान असतील तर ते आलेखातून गाळावेत, असं तुमचं मत. ०.१ सेकंदाला ५ किलोमीटर खोलीवरचे ठोकळे जाणवतच नाहीत, म्हणजे ते घटक शून्य असायला हवेत, आणि शून्याजवळ टक्केवारीतल्या फरकाला अर्थ नाही, इथवर पटतं. पण शून्याच्या जागी कोड जे काही दाखवतो, तीच तर त्याची आकडेमोडीतली खालची पातळी. ती मला आलेखात हवी आहे. नवे आलेख दोन्ही प्रकारे काढून, ग्रिडच्या फाइलसकट पाठवतोय. सवडीने बघा आणि भांडायचं असेल तर जरूर भांडा.

तुमचा ऋणी,
फायनाइट डिफरन्सवाला विद्यार्थी