किल्ल्यांचा जुडगा मागून घेणाऱ्या अण्णांना

प्रिय अण्णा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रोज सकाळी आपली गाठ पडते, तरी पत्र लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "ऱ्हाऊ द्या ओ पाळकसाहेब" म्हणता आणि विषय बदलता. शिवाय हे चारचौघांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं, तेव्हा आपल्या चर्चच्या हॉलमध्ये लोक राहायला आले. त्या दिवसांत मी रात्रंदिवस धावलो. धावायलाच हवं होतं. पण पूर ओसरला, लोक आपापल्या घरी गेले, आणि मी मात्र तसाच धावत राहिलो. हॉलचे पत्रे, लाइटबिल, लग्नाच्या तारखा, माइकची दुरुस्ती, दोन घरांतली भांडणं, सगळं माझ्याच अंगावर. शनिवारी रात्री अकराला पवित्र शास्त्र उघडायचं आणि रविवारी मंडळीपुढे उभं राहायचं. लोक म्हणायचे, पाळक किती राबतात! ते ऐकून मला बरं वाटायचं, हेही आज कबूल करतो.

मग आपल्या त्या आजी आजारी पडल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या आणि तीन दिवस मी "उद्या नक्की जातो" म्हणत राहिलो. पत्र्यांचा माणूस यायचा होता. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. शेवटच्या रात्री आजींनी विचारलं होतं, स्तोत्र वाचायला कोणी आलंय का? शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून उठून त्यांच्याजवळ गेली आणि हात हातात घेऊन बसली. ती आपल्या मंडळीतली नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. तिला स्तोत्र येत नव्हतं, म्हणून ती नुसती बसून राहिली. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. या पत्रातले निम्मे आभार तिचे आहेत.

त्याआधी मी मदत मागितली नव्हती असं नाही, अण्णा. वडीलधाऱ्या सेवकांकडे गेलो होतो. एकांनी ऐकवलं, "आम्ही तर याच्या दुप्पट केलं." पुढाऱ्यांसाठीच्या एका शिबिरात दिवसाचे तास आखलेली सुंदर डायरी मिळाली. पण त्या तासांतलं एखादं काम मी उचलतो, असं तिथे कोणी म्हणालं नाही. आपल्यातल्याच काहींनी तर सकाळी माझा फोन बंद का असतो म्हणून जाब विचारला. राग आता उरलेला नाही, पण ते बोल विसरलोही नाही.

आजींच्या मातीनंतरच्या बुधवारी पहाटे तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. मी जुडगा घेऊन हॉल उघडायला निघालो होतो. अकरा किल्ल्या, त्यातल्या मोठ्या दाराच्या किल्लीला लाल लोकर बांधलेली. त्या ओझ्यानं माझ्या पँटचा खिसा दोनदा उसवला होता. तुम्ही तळहात पुढे केलात आणि म्हणालात, "आणा हिकडं." एवढंच. मी म्हटलं, अण्णा, तुमचे गुडघे... तुम्ही हात मागे घेतला नाहीत. मी जुडगा ठेवला, तुम्ही मूठ मिटलीत आणि म्हणालात, "जावा आत. साडेसातपर्यंत देवाम्होरं बसा. कोण आलं तर मी हाय."

मी आत जाऊन दार लावलं आणि पहिली दहा मिनिटं नुसता रडलो.

बाहेर तुम्ही पायरीवर बसला होता. कोणीतरी जनरेटरचं विचारायला आलं. "पाळक देवाजवळ बसल्यात. मला सांगा काय पायजे," हा तुमचा आवाज खिडकीतून ऐकू आला. इतकी वर्षं पवित्र शास्त्रातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मी शिकवत आलोय. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांना डावललं जातं अशी तक्रार आली, तेव्हा बारा प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडली नाही. त्यांनी सात माणसं नेमली, आणि तीही आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी. पंगतीचं काम हलकं नव्हतं, म्हणून तर माणसं इतकी निवडून घेतली. पुढे विश्वासासाठी जीव देणारा स्तेफन त्यांतलाच. हे मला त्या पहाटे तुमच्या आवाजातून कळलं.

पुढे एकदा चहा पिताना तुम्ही केएमटीतल्या, म्हणजे शहराच्या बससेवेतल्या, कंट्रोलरच्या दिवसांबद्दल बोललात. पहिली गाडी वेळेत सुटली की दिवसाच्या फेऱ्या लागतात. पहिलीच चुकली तर रात्रीपर्यंत ओढाताण. मी घाबरत विचारलं, आणि मध्येच कोणी दुःखात आलं तर? तुम्ही म्हणालात, "वाटंत कुणी हात केला तर थांबायचं की. पण रूट सोडायचा न्हाई."

त्या रात्री मी मार्काचं शुभवर्तमान पुन्हा काढलं. कफर्णहूम गावात आदल्या संध्याकाळी सारं गाव दाराशी लोटलं होतं, तरी प्रभू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला. शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुला शोधताहेत म्हणाला. प्रभू त्या गर्दीकडे परतला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. आणि तोच प्रभू, मुलगी मरणाला टेकलेल्या याइराच्या घरी जाताना, बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेल्या बाईसाठी थांबला. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग याइराच्या घरीही पोचला. रूट सोडला नाही.

आता पहाटेची वेळ देवाची. मग आजारी आणि दुःखातली घरं. पत्रे-बिलांचं काम त्यानंतर, आणि तेही तुम्ही जमवलेल्या चौघांबरोबर. रात्रीचं जेवण घरी, फोन दुसऱ्या खोलीत. धाकटीनं परवा पाढे म्हणून दाखवले. तिला सतराचा येतो, हे मला माहीतच नव्हतं.

आपल्या कोल्हापुरात अशी माणसं आहेत म्हणून बरं आहे. पुरात छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर आणणारी तालमीची पोरं मी पाहिली. कोणी बोलावलं नव्हतं, नंतर कोणी फोटोलाही थांबलं नाही. तुम्ही त्यांच्यातलेच. मंडळीत पद मागितलं नाहीत, मागितल्या त्या फक्त किल्ल्या.

पाऊस सुरू झालाय, अण्णा. तुम्ही काल छत्री धरून पायरीवरच बसला होता, मी खिडकीतून पाहिलं. उद्यापासून आतल्या बाकावर बसा. दार उघडं ठेवलं की येणारा माणूस तिथूनही दिसतो, मी बसून बघितलंय.

तुमचा,
पाळक