चि. मृण्मयीस, नोकरीच्या तयारीबद्दल

सिंगापूर,
५ जानेवारी २०२६

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बायोडेटा मिळाला, नीट वाचला. फोर्टमधल्या सीएंच्या ऑफिसचं सगळं काम त्यात आलंय, फक्त तू काय करतेस ते आलेलं नाही. ‘जीएसटीच्या कामात सहभाग’, ‘रिकन्सिलिएशनमध्ये मदत’, ‘टीमसोबत रिटर्न भरले’. अकाउंट्ससाठी माणसं निवडणं हे माझं इथलं काम, म्हणून स्पष्ट सांगते. समोर बसलेल्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की हे काम उद्या या मुलीच्या टेबलावर ठेवलं तर महिनाअखेर पार पडेल का. ‘मदत केली’ यातून त्याला काहीच उमगत नाही. आपल्या घरांत ‘मी केलं’ म्हणायचा संकोच लहानपणापासून अंगात मुरतो. माणूस म्हणून ते छानच आहे, पण बायोडेटात त्यामुळे नुकसान होतं.

त्या ओळी अशा लिही: ‘बारा क्लायंटचं जीएसटीआर-३बी स्वतंत्रपणे तयार करते; दरमहा खरेदी रजिस्टर २बीशी जुळवून न जुळलेल्या बिलांची यादी पाठपुराव्यासह ठेवते.’ ३बी म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं एकत्रित रिटर्न आणि २बी म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवर तयार होणारी यादी, हे तुला माहीतच आहे. बारा हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुझा खरा आकडा घाल. आणि प्रत्येक ओळीसमोर स्वतःला विचार: यावर दोन मिनिटं बोलता येईल का? काम कुठून येतं, मी त्याचं काय करते, कुठे अडतं, ते कसं सोडवते. बोलता येत नसेल तर ती ओळ खोड. बायोडेटातली एक पोकळ ओळ मुलाखतीत सापडली, की बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते.

मांडणीचं थोडक्यात सांगते. एक पान, एकच रकाना, पीडीएफ. तू वापरलेला दोन रकान्यांचा रंगीत साचा दिसायला सुंदर आहे, पण मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर मजकूर वाचतं. कित्येकदा ते आडव्या ओळीने वाचत जातं आणि डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या अनुभवात मिसळून टाकतं. तक्ते आणि चित्रं टाळ. फोटो, वडिलांचं नाव, जात-धर्म, वैवाहिक स्थिती, आधार आणि पॅन क्रमांक यांतलं काहीही नको. पत्त्याला ‘भांडुप, मुंबई’ पुरे. जाहिरातीत ‘अकाउंट्स पेएबल’ असेल आणि तू तेच काम ‘पर्चेस एन्ट्री आणि पेमेंट’ म्हणून लिहिलं असशील, तर त्यांचा शब्द घे. मात्र ते काम खरोखर केलेलं हवं.

अर्ज करताना एकच बायोडेटा शंभर ठिकाणी टाकू नकोस. दिवसाला चार-पाचच अर्ज कर, पण जाहिरात वाचून, वरच्या तीन ओळी तिला अनुसरून बदलून. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर जाहिरात दिसली की त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरही जागा आहे का पाहा, असेल तर तिथेच अर्ज भर. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरही नाव नोंदव. एका एक्सेल शीटमध्ये तारीख, कंपनी, पद, बायोडेटाची कुठली प्रत पाठवली, कुणाशी बोलणं झालं आणि पगाराचा कुठला आकडा सांगितला हे लिहून ठेव. तीन आठवड्यांनी अचानक फोन येतो तेव्हा ‘कुठली कंपनी म्हणालात?’ असं विचारायची वेळ येऊ नये.

ओळखीचं माणूस त्या कंपनीत असेल तर कळवायला लाजू नकोस. पण ‘दादा, काही असेल तर सांगा’ असा मेसेज कुणाच्याच उपयोगाचा नसतो. पदाचं नाव, जाहिरातीची लिंक, तू त्यात का बसतेस याच्या दोन ओळी आणि बायोडेटा हे सगळं एकाच मेसेजमध्ये दे, म्हणजे त्याला तो नुसता पुढे ढकलता येईल.

नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले, मग ते नोंदणी म्हणून असोत, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून असोत की ट्रेनिंगची फी म्हणून, तिथेच थांब. खऱ्या कन्सल्टन्सीला कंपनी पैसे देते, उमेदवार नाही. मोठ्या कंपनीचं नाव आणि जीमेलचा पत्ता अशी ऑफर आली तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून विचार. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत दे.

आता तांत्रिक तयारी. खरा निकाल इथेच लागतो.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रोकड बँकेत भरली, कुठलं व्हाउचर?’ हा साधा प्रश्न आजही विचारतात. कॉन्ट्रा (रोख आणि बँक यांच्यातली नोंद), एफ४. पेमेंट एफ५, रिसीट एफ६, जर्नल एफ७, सेल्स एफ८, पर्चेस एफ९. हे तुझ्या बोटांना येतं, पण ते तोंडाने सांगायची सवय कर.

बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे कॅशबुक आणि पासबुक जुळवणं, कागदावर करायला देतात. कॅशबुकची शिल्लक १,२०,००० रुपये. दिलेला पण वटायला न गेलेला चेक १५,०००. बँकेचे शुल्क ५९० आणि व्याज १,२०० फक्त पासबुकात. पासबुकची शिल्लक किती? बरेच जण १५,००० वजा करतात. चेक लिहिला तेव्हाच तू कॅशबुकातून रक्कम कमी केलीस, बँकेने अजून केलेली नाही, म्हणून बँकेत ती जास्त दिसते. १,२०,००० अधिक १५,००० वजा ५९० अधिक १,२००, उत्तर १,३५,६१०. नुसतं उत्तर देऊ नकोस, प्रत्येक अधिक-उण्याचं कारण बोलत जा. तपासणारा तेच ऐकत असतो.

टीडीएस, म्हणजे पेमेंट करतानाच कापलेला कर, सरकारकडे भरायच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात: पुढच्या महिन्याची ७, मार्चची ३० एप्रिल. फसवतं ते व्याज. २५ जूनला कापला आणि १० जुलैला भरला, तर किती? उशीर तीनच दिवसांचा, म्हणून लोक एका महिन्याचे दीड टक्के सांगतात. कापल्यावर वेळेत न भरलेल्या रकमेवरचं व्याज कापल्याच्या तारखेपासून मोजतात आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. जून एक, जुलै दोन, म्हणजे तीन टक्के.

जीएसटीचा प्रश्न हमखास २बीवर येणार: ‘बिल आपल्या रजिस्टरमध्ये आहे, २बीमध्ये नाही. काय कराल?’ ‘व्हेंडरला फोन करीन’ हे अर्धं उत्तर झालं. आधी कारणं मांड. विक्रेत्याच्या मासिक विक्री रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-१ ची, मुदत ११ तारीख आणि २बी १४ ला तयार होते, म्हणजे उशिरा भरणाऱ्याचं बिल पुढच्या महिन्यात दिसेल. तो तिमाही रिटर्न भरणारा असेल आणि त्याने मधल्या महिन्यात बिल अपलोड केलं नसेल. त्याने आपला जीएसटी नोंदणी क्रमांक (जीएसटीआयएन) चुकवला असेल, किंवा नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या खात्यात बिल टाकलं असेल. मग सांग, की बिल २बीत येईपर्यंत त्यावरच्या कराचं क्रेडिट घेणार नाही, यादीत थकीत म्हणून ठेवीन, आणि रक्कम मोठी असेल तर पुढचं पेमेंट सोडण्याआधी वरिष्ठांना दाखवीन. जीएसटीआयएनची रचनाही माहीत हवी: पंधरा अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा म्हणजे पॅन. चुकीचा क्रमांक त्यावरून डोळ्यांनीच पकडता येतो.

हीच जुळवणी एक्सेलवर करायला देतात, साधारण अर्धा तास. दोन शीट, व्हीलुकअप (एका शीटमधली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र) लावायचा, आणि निम्मी बिलं सापडत नाहीत. घाबरू नकोस, ती तशीच बनवलेली असतात. एका शीटमध्ये बिल नंबर आकडा म्हणून असतो आणि दुसरीत टेक्स्ट म्हणून. नावामागे मोकळी जागा राहिलेली असते, तिला ट्रिम लाव. एकीकडे ‘०४५/२५-२६’ असतं, दुसरीकडे नुसतं ‘४५’. आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दोन वेगळ्या व्हेंडरांचा बिल नंबर ४५. नुसत्या बिल नंबरवर शोधलंस तर पहिलं सापडलेलं बिल दोघांनाही लागेल, एररही येणार नाही. म्हणून जीएसटीआयएन आणि बिल नंबर जोडून एक नवा रकाना कर आणि त्यावर शोध. सूत्राच्या शेवटी फॉल्स लिहायला विसरू नकोस, नाहीतर जवळपासचं उत्तर बिनबोभाट येऊन बसतं. शेवटी दोन्ही शीटच्या एकूण रकमेतला फरक आणि दोन्हींकडच्या न जुळलेल्या बिलांच्या बेरजांतला फरक सारखा येतो का बघ. ही तपासणी फार थोडे उमेदवार करतात, आणि जे करतात ते लक्षात राहतात.

चालू घडामोडींतले दोन विषय वाचून ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर मुख्यतः ५ आणि १८ टक्क्यांवर आले, काही वस्तूंना ४० टक्के. आणि येत्या १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात ‘प्रीव्हियस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’ जाऊन एकच ‘टॅक्स इयर’ येतंय. कलमांचे क्रमांकही बदलतायत. सगळं पाठ नको, बदल ठाऊक आहे एवढं दिसायला हवं.

इंग्रजीची तू उगाच धास्ती घेतली आहेस. मराठी माध्यमातल्या मुली पाठ केलेलं उत्तर म्हणतात, मध्ये कुणी प्रश्न घातला की धागा तुटतो आणि सगळं विस्कटतं. त्यापेक्षा आधी मराठीत सांग, मग त्यातले फक्त चार मुद्दे कागदावर घेऊन इंग्रजीत सांग, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर दीड मिनिटात संपव: सध्या काय करतेस, त्यातलं सर्वांत कठीण काम कुठलं, ही जागा का हवी. शाळा, छंद, घरात किती जण, हे नको. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, यात कमीपणा नाही. माहीत नसेल तर ‘हे केलेलं नाही, पण असं शोधीन’ म्हण. थाप लगेच ओळखू येते.

व्हिडिओ मुलाखत असेल तर खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला ठेव, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेव, आणि त्या तासात कुकर लावायचा नाही एवढं आईला सांग.

प्रत्यक्ष जायचं असेल तर भांडुपहून अंधेरी एमआयडीसी, सीप्झ किंवा बीकेसी, तिन्हींसाठी घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो धरायची. सकाळी घाटकोपरच्या गर्दीचा वेळ वेगळा धर. शनिवारी किंवा रविवारी वॉक-इन मुलाखतीला बोलावलं तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशीच बघून ठेव. बीकेसीतल्या इमारतींत गेटवर नोंद, फोटो, पास यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, म्हणून इमारतीपाशी अर्धा तास आधी हवीस.

पगार. पहिल्याच फोनवर एचआर अपेक्षा विचारेल. आकडा तयार ठेव, आणि तो सीटीसीचा (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) की हातात येणारा हे स्पष्ट बोल. समजा वर्षाला ४,८०,००० सीटीसीची ऑफर आली. महिना ४०,००० असं घरी सांगशील आणि पहिल्या पगाराला रडशील. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के म्हणजे ४,०००, तो दरमहा मिळत नाही. मूळ पगार २०,००० धरला तर ग्रॅच्युइटीचे ९६२, कंपनीचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, विम्याचे समजा ५००. उरले ३२,७३८. त्यातून तुझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला, की हातात ३०,७३८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००. या पगारावर नव्या पद्धतीत आयकर नाही. पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापणार असतील तर हातात आणखी कमी येईल, म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी पगाराची फोड लेखी माग. नोटीस पीरियड आणि बाँड या दोन ओळी बाबांना वाचून दाखव. ऑफर लेटर हातात येईपर्यंत सध्याच्या ऑफिसात राजीनामा देऊ नकोस, आणि सोडताना रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय निघू नकोस, पुढची कंपनी ते मागतेच.

आजीला माझा नमस्कार सांग, आईला सांग की तिळाचे लाडू पाठवण्यासाठी कुरियरचा खर्च करू नकोस म्हणावं. शनिवारी तुमच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे इथल्या साडेआठला फोन करते. बायोडेटाच्या पहिल्या चार ओळी नव्याने लिहून ठेव. मी प्रत्येकीवर प्रश्न विचारणार आहे, तू इंग्रजीतच उत्तरं द्यायची.

तुझी,
आत्या