फिलोतीच्या आजोबांना

आजोबा,

तुम्हांला मराठी वाचता येणार नाही. तरी हे पत्र मराठीतच लिहितोय, म्हणजे ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर जाणारी आपली माणसंही वाचतील.

आमच्या सहल कंपनीने पत्रकात ‘झ्यूसची गुहा’, म्हणजे ग्रीक देवांच्या राजाची गुहा, ठळक छापली होती. गाइडने तुमच्या फिलोती गावच्या चौकात बस थांबवली, झास डोंगराकडे बोट दाखवलं आणि "जाऊन या" म्हणाला. गुहेत दिवे नाहीत, हे सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

चिनाराखालच्या टेबलावर तुम्ही कॉफीच्या बिलामागे वाट काढून दिलीत. आरियाच्या झऱ्यावरून गुहा, तिच्या वरून माथा आणि उतरायचं ते आगिया मारिनाच्या चॅपेलकडे. उलटं जायचं नाही! गुहेवरची वाट उभी आणि घसाऱ्याची आहे. चढताना हात टेकता येतात, उतरताना दगड पायाखालून निसटतात. पाणी झऱ्यावरच भरायचं. मेल्तेमी, म्हणजे उन्हाळ्यातला जोरदार उत्तरेचा वारा, सुटला असेल तर माथ्याचा नाद सोडायचा.

मग घरी जाऊन डोक्याला बांधायचा टॉर्च घेऊन आलात. गुहेची जमीन ओली आणि दगडगोट्यांची, त्यामुळे दोन्ही हात मोकळे लागतात. मोबाइल धरून तिथे निभत नाही. टॉर्च लावून पाहिलात, उजेड पिवळट पडला. काही न बोलता समोरच्या दुकानातून नवे सेल आणून घातलेत, पट्टा आवळून बेताचा केलात. पैसे पुढे केले तर हात मागे सारलात. जुना टॉर्च कुणीही देईल हो, पण परक्यासाठी सेल बदलून कोण देतं?

बाळ झ्यूसला बाप क्रोनोसपासून लपवून इथेच वाढवलं, असं नाक्सोसकर मानतात. कंस-कृष्णाच्या गोष्टीवर वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. बिलावर उतरणीच्या वाटेवर तुम्ही एक फुली मारली होतीत. तिथे खडकात झ्यूसचं नाव कोरलेलं आहे, मेंढरांचा राखणदार म्हणून. पत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

टॉर्च परत द्यायला आलो तेव्हा तुम्ही घरी गेला होतात. कॅफेवाल्याकडे ठेवलाय. आभार तेवढे राहिले होते, ते इथे मानतो.

तुमचा,
एक मराठी पाहुणा