गाठ दाबायची नाही, हे बाळंतिणीपर्यंत कधी पोचणार?

मा. संपादक,

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला जागतिक स्तनपान सप्ताह असतो आणि आईचं दूध किती चांगलं यावर सगळीकडे भरपूर छापून येतं. ते यायलाच हवं, पण मी स्तनपान समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांना हे आधीच पटलेलं असतं, त्यांना अंगावर पाजायचंच असतं. त्यांची अडचण ही की नर्स एक सांगते, डॉक्टर दुसरं, घरातली मोठी माणसं तिसरं आणि मोबाईलवरचा व्हिडिओ चौथंच, मग ऐकायचं कुणाचं? यातला बराचसा सल्ला जुना झालाय. संशोधन पुढे गेलंय, पण बाळंतिणीच्या खाटेपर्यंत ते आलेलं नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते छातीत गाठ आली की. शेक घ्या, गाठ जोरात चोळून मोकळी करा, पंप लावून छाती पूर्ण रिकामी करा, हेच अजून सांगितलं जातं आणि बाई बिचारी रडत रडत ते करते, कारण नाही केलं तर पू होईल अशी भीती घातलेली असते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेनं २०२२ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात जवळपास उलटं सांगितलंय. एखाद्या नळीत दुधाचा गोळा अडकून बसलाय असं नसतं, तर आजूबाजूला सूज आल्यामुळे बारीक नळ्या दाबल्या जातात. मग वरून जोरात चोळलं की त्या नाजूक भागाला अजून मार लागतो आणि सूज वाढते. आणि पंप लावून सारखं काढत राहिलं की शरीराला वाटतं दूध जास्त लागतंय, ते अजून बनवतं, दाटणं अजून वाढतं. म्हणून आता सांगतात की थंड शेक द्या, डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेनसारखं सूज उतरवणारं औषध घ्या, बाळाला नेहमीसारखं पाजत राहा, जास्तीचं काढू नका, हात लावायचाच तर अगदी हलका. अंगावर पाजणं थांबवायचं नाही, या दुधानं बाळाला अपाय होत नाही. ताप-थंडी २४ तासांत उतरली नाही किंवा लाली पसरत चालली तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं.

या सूचना सगळ्याच तज्ज्ञांना पटल्यात असं नाही, आणि या विषयावर चांगल्या चाचण्या मुळातच कमी झाल्यात, हेही खरं. पण गाठ जोरात दाबण्याच्या बाजूनं तरी कुठला भक्कम पुरावा आहे? मग दुखणाऱ्या जागेवर ते का करायचं, हा माझा साधा प्रश्न आहे.

छाती रिकामी झालीच पाहिजे हा विचार आला कुठून हेही बघण्यासारखं आहे. स्तनाच्या आतल्या रचनेची जी चित्रं वर्षानुवर्षं शिकवली गेली त्यांचं मूळ अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज सर्जननं १८४० मध्ये छापलेल्या चित्रांत आहे, त्यांनी मृत बायकांच्या स्तनांतल्या नळ्यांत मेण भरून ती रचना बघितली होती. त्या काळाच्या मानानं ते फार मोठं काम होतं. पण २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाजणाऱ्या आयांची अल्ट्रासाउंड तपासणी केली तेव्हा बोंडामागे दूध साठवणाऱ्या ज्या पिशव्या चित्रात असायच्या त्या दिसल्याच नाहीत, आणि बोंडापर्यंत येणाऱ्या मुख्य नळ्या सरासरी ९ च निघाल्या. म्हणजे स्तन ही काही तळापर्यंत उपसायची टाकी नाही. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात, २००६ च्या, फक्त आईच्या दुधावर चांगली वाढणारी १ ते ६ महिन्यांची ७१ बाळं बघितली. बाळ एका वेळी सरासरी उपलब्ध दुधाच्या ६७ टक्केच प्यायलं. दिवसाचं दूध कुणाचं ४७८ ग्रॅम तर कुणाचं १३५६, आणि तरी सगळी बाळं ठणठणीत. मग सगळ्यांना एकच घड्याळ कसं लावता येईल, दर दोन तासांनी, एका बाजूला वीस मिनिटं? बाळाकडे बघा, शू-शी किती होते बघा, वजनाचा तक्ता बघा.

आणि हो, प्रत्येकीला पुरेसं दूध येतंच असंही कुणी ठोकून सांगू नये. थायरॉइडचा त्रास, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, मुळात कमी वाढलेल्या दूधग्रंथी, अशा कारणांनी काहींना खरंच कमी येतं. तिला "प्रयत्न कमी पडतोय" असं म्हणणं क्रूर आहे. तिची तपासणी करा, बाळाला गरज असेल तर वरचं दूध द्या, आणि अंगावरचं जेवढं येतंय तेवढं चालू ठेवायला मदत करा.

औषधांचंही तेच. आईला कसलीशी गोळी सुरू केली की लगेच "दूध बंद करा" म्हणून मोकळे होतात. खूपशा औषधांबरोबर पाजणं चालतं, किंवा पर्यायी औषध देता येतं. पाजणाऱ्या आईला कुठलं औषध चालतं हे सांगणारा लॅक्टमेड नावाचा फुकट डेटाबेस आहे, फोनवर उघडतो, लिहून देण्याआधी एकदा तपासायला कितीसा वेळ लागतो?

आता मुख्य मागणी. बाळंतपणानंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) उतरतं आणि भरपूर दूध यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, पहिलटकरणीला किंवा सिझर झालेल्या बाईला कधीकधी त्याहून जास्त. म्हणजे बऱ्याच जणींना नेमका डिस्चार्ज मिळतो आणि त्यानंतर छाती दाटते, बोंडं चिरतात, बाळ धरत नाही, आणि तेव्हा जवळ विचारायला कुणी नसतं. कोक्रेन ही जगभरचं संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिच्या २०२२ च्या आढाव्यात शंभराहून जास्त चाचण्या एकत्र बघितल्या, त्यात जादा आधार मिळालेल्या आयांमध्ये स्तनपान सोडण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि ४ ते ८ वेळा भेट झाली तर फक्त अंगावर पाजणं टिकायला जास्त फायदा होत असावा असंही दिसलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २०१८ मध्ये सुधारलेल्या, दवाखान्यांनी स्तनपानासाठी पाळायच्या दहा पायऱ्यांपैकी शेवटची पायरी डिस्चार्जनंतरच्या आधाराचीच आहे.

म्हणून प्रत्येक प्रसूती वॉर्डात एकच लेखी सल्ला असावा, त्यावर तारीख असावी, आणि डॉक्टर, नर्स, वॉर्डातल्या मावश्या सगळ्यांनी तोच सांगावा, दरवर्षी तो पुन्हा तपासावा. आणि डिस्चार्जनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक बाळंतिणीला वॉर्डातून फोन जावा. दुखतंय का, बाळ नीट धरतंय का, चोवीस तासांत लंगोट किती ओले झाले, हे तीन प्रश्न विचारले तरी कुणाला त्याच दिवशी परत बोलवायचं ते कळतं.

– एक स्तनपान समुपदेशक